विल्फची अर्धी धून

आमच्या बिल्डिंगच्या तळघरात एक म्हातारा इंग्रज अर्धी धून वाजवतो. उरलेली अर्धी तो ऐकतो.

ऐकतो म्हणजे खरोखर ऐकतो. ट्रंपेट ओठांपासून जरासं खाली, मान डावीकडे वळलेली, नजर कपडे धुण्याच्या मशीनशेजारच्या रिकाम्या जागेवर. तिथे एक गळकी बादली असते, बाकी काही नाही. त्या बादलीकडे बघत मध्येच त्याची एक भुवई वर जाते, मध्येच तो 'हं, चालेल' अशी मान हलवतो, आणि बरोबर वेळेवर ट्रंपेट पुन्हा ओठांना लावून पुढची ओळ उचलतो. तुम्ही कपड्यांची टोपली घेऊन जिन्यात उभे असाल तर एक गोष्ट लगेच कळते. बादलीच्या बाजूला कुणीतरी वाजवून संपवलेलं आहे, आणि ते फक्त तुम्हाला ऐकू आलेलं नाही.

हा विल्फ, आमचा खालच्या मजल्यावरचा शेजारी. वय ऐंशीच्या पलीकडे, मिशा पिवळट, शर्टाचं वरचं बटण उन्हाळ्यातही लावलेलं. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कुठल्याशा खाणींच्या गावातून तरुणपणी दोन आठवडे जाझ वाजवायला जर्मनीत आला. परतीच्या तिकिटाची मुदत बघायची अजून राहून गेली आहे, असं तो सांगतो. इतक्या वर्षांत तो जर्मन एवढंच शिकला, की काहीही कळलं नाही तर 'गेनाऊ' म्हणायचं. म्हणजे 'अगदी बरोबर'. फ्राउ हेबर्ले, म्हणजे हेबर्लेबाई, आमच्या बिल्डिंगच्या स्वयंघोषित फौजदार, त्याला विचारायच्या, "दुपारच्या शांततेच्या वेळी तुम्ही वाजवत होतात?" "गेनाऊ." "हे नियमात बसतं?" "गेनाऊ." शेवटी त्यांनीच त्याला तळघर दाखवलं. तिथे आमचा केलर, म्हणजे प्रत्येकाची सामानाची कोठडी आणि सगळ्यांची मिळून कपडे धुण्याची खोली.

त्याचं बोलणं मी इथे मराठीत देते आहे. इतक्या वर्षांनी मला ते मराठीतच ऐकू येतं.

मी इथे, झिंडेलफिंगेनला, आले तेव्हा नवी नवरी होते. त्या मुलीची आता मला कीव येते. पुण्याहून मानसशास्त्रात बी.ए. होऊन आलेली, त्यामुळे समोरच्या माणसाला काय झालंय ते दोन मिनिटांत ओळखणारी, आणि स्वतःला काय होतंय ते अजिबात न कळणारी. आमचे हे मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. सकाळी अंधारात जायचे, संध्याकाळी अंधारात यायचे. दिवसभर मी आणि खिडकीतला बर्फ. अशात एक दिवस टोपली घेऊन केलरमध्ये उतरले, तर खालून ती अर्धी धून. मग शांतता. मग पुन्हा अर्धी.

मी टोपली तिथेच टाकून मारुतीचं नाव घेत वर आले. मानसशास्त्राने दोन मिनिटांत निदान केलं: या माणसाच्या मागे काहीतरी लागलंय. मग उपाय. लिंबू मिळालं. हिरव्या मिरच्या त्या काळी इथे कुठल्या मिळायला, म्हणून मी बरणीतल्या, व्हिनेगरात मुरलेल्या मिरच्या दोऱ्यात ओवल्या आणि केलरच्या दारावर टांगल्या. त्या आठवड्यात जिना पुसायची पाळी फ्राउ हेबर्लेंची होती. आमच्या या स्वाबियन, म्हणजे दक्षिण जर्मनीतल्या, मुलखात पाळीची पाटी दारावर अडकवतात आणि ती पाटी देवासारखी मानतात. बाईंनी फरशी आरशासारखी केली होती, आणि तिच्यावर माझा उतारा थेंब थेंब गळत होता. वास घेत घेत त्या सरळ माझ्या दाराशी आल्या. मी शपथेवर सांगितलं की माझ्या देशात पाहुण्यांचं असंच स्वागत करतात. त्यांनी ते मानलं. पुढच्या नाताळात त्यांनी आम्हाला मिरच्यांची अख्खी बरणी भेट दिली.

उतारा चालला नाही, तेव्हा मी शास्त्रीय प्रयोग करायचं ठरवलं. एका दुपारी वाळत घातलेल्या पलंगपोसांमागे लपून बसले. विल्फ आला, त्याने सुरुवात केली, थांबला. त्या शांततेत मी, का कोण जाणे, जे सुचलं ते गुणगुणले. दोनच सूर.

विल्फने वळूनही पाहिलं नाही.

"तू नाही, लव्ह," तो म्हणाला.

संध्याकाळी मी ह्यांच्यापुढे दोन तक्रारी ठेवल्या. एक, खाली भूत आहे. दोन, त्या परक्या पुरुषाने मला 'लव्ह' म्हटलं. हे पहिल्या तक्रारीवर जेवत राहिले, दुसरीवर घास हातात धरून थांबले. दुसऱ्या दिवशी जाब विचारायला खाली गेले आणि तासाभराने बिअरचा वास घेऊन वर आले. "अगं, त्यांच्याकडे बसकंडक्टरलाही लव्ह म्हणतात," हे म्हणाले. "मलाही म्हणाला."

"आणि भूत?"

"ते विचारायचं राहिलं."

राहिलं ते राहिलंच. आपण शेजाऱ्यांना मिठाचा भाव विचारतो, पगार विचारतो, मूल का नाही तेही विचारतो. पण रिकाम्या जागेकडे बघून मान का डोलावतोस, हे विचारायला माझी जीभ कधी रेटली नाही. हळूहळू सवय झाली. बिल्डिंगचं दार तो मागच्या माणसासाठी धरून उभा राहायचा, मागे कुणी नसायचं, आणि फ्राउ हेबर्ले वरून ओरडायच्या की हीटिंग बाहेर चाललंय. "गेनाऊ," विल्फ म्हणायचा, आणि जो कुणी होता त्याला आत येऊ देऊन मगच दार लावायचा. मीही नंतर नंतर जिन्यात त्याच्या मागे चालताना थोडं अंतर सोडू लागले. चेष्टेनेच म्हणा. पण सोडायचे.

हे गेले, फ्राउ हेबर्ले गेल्या. बिल्डिंगमधले जुने असे आम्ही दोघंच उरलो. दोघं, आणि ते जे काही होतं ते.

मग माझी नात मीरा माझ्याकडे राहायला आली. लेकीची लेक, इथेच जन्मलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. तिच्या उंचीचा एक लाकडी, चार तारांचा बास वाजवते आणि रेकॉर्डिंगचं तंत्र शिकते. पहिल्याच आठवड्यात ती केलरमधून टोपली न घेता वर आली.

"आजी, डेअर इस्ट या मेगा," म्हणाली. या पिढीत 'मेगा' म्हणजे 'कसला भारी'. हे विल्फबद्दल.

"तुला भीती नाही वाटली?"

"कशाची?" हे मात्र तिने मराठीत विचारलं.

मीराचा तिघांचा बँड होता: ती, योनास नावाचा ढोलवाला, आणि एक पियानोवाली मुलगी जी कधी बोलायचीच नाही. त्यांचं संगीत मी ऐकलं आहे. फ्रिज बिघडला की तसा आवाज येतो. पण पोरं मनापासून वाजवायची. त्यांनी ठरवलं की विल्फला घेऊन रेकॉर्ड करायची. विल्फने त्यांचं संगीत शेवटपर्यंत ऐकलं, मिशीवरून हात फिरवला आणि विचारलं, "यात जागा आहे का?"

"कसली जागा?" योनास म्हणाला.

"थांबायला."

तेवढ्यात मध्ये आला तो विल्फचा दात. वरचा, पुढचा. ट्रंपेटवाल्याचा सगळा संसार त्या एका दातावर टेकलेला असतो, हे मला तेव्हा कळलं. तो हलायला लागला होता. डॉक्टर म्हणाले काढावाच लागेल, सोमवारी या. नवीन बसवू, पण त्या वयात ओठ पुन्हा तयार व्हायला कितीतरी महिने. विल्फने माझ्या स्वयंपाकघरात बसून हे सांगितलं आणि चहात बिस्किट जरा जास्तच बुडवलं.

"म्हणजे या आठवड्यात जे होईल ते," तो म्हणाला. "नंतर नाही."

पोरांनी जागा शोधली होती ती एक बंद पडलेला तरणतलाव. गावाबाहेर, बैठी इमारत, आतला तलाव नगरपालिकेने कोरडा करून ठेवलेला. आत उतरलं की निळ्या फरश्या, उथळ बाजूकडून खोल बाजूकडे उतरत जाणाऱ्या, आणि खोल बाजूला दुपारीही अंधार. चप्पल घासली तर तो आवाज पलीकडे जायचा, थोडा वेळ तिकडेच थांबायचा आणि मग परत यायचा. परत येताना तो तुमच्याच चपलेचा असेल अशी खात्री नसायची. भिंतीवर अजून पाटी होती: काठावर धावू नये. धावायला कुणाची छाती होती. मी थालीपीठं आणि थर्मास घेऊन गेले होते, नातीच्या काळजीपोटी. खरं सांगायचं तर बघायला.

उथळ भागात सगळे उभे राहिले. विल्फ मध्ये, डावीकडे एक माणूस उभा राहील एवढी जागा सोडून. ती जागा त्याने योनासला पायाने आखून दाखवली. योनासने आपला ढोल हलवला, पण तोंड वाकडं करून.

विल्फ वाजवायला लागला आणि तलाव भरला. मोठा, रुंद, छाती पुढे काढून चालणारा सूर. मग तो थांबला. मान डावीकडे. त्याचा सूर खोल बाजूला जाऊन फिरत राहिला आणि विझला. उरली ती शांतता. योनासला ती सहन झाली नाही, त्याने तिथे ढोलावर काहीतरी सरसर वाजवलं.

"तू नाही," विल्फ म्हणाला.

पुन्हा सुरुवात. पुन्हा जागा आली, पुन्हा योनासचे हात हलले.

"तू नाही, लव्ह."

"पण तिथे काहीच नाहीये," योनास म्हणाला.

"आहे."

योनासने त्या रिकाम्या फरशीकडे पाहिलं. दाढीवाला, हातभर टॅटू असलेला मुलगा, पण त्याने नकळत आपलं जाकीट उचलून अंगात घातलं. मला पलंगपोसामागची ती बी.ए. आठवली आणि हसू आलं. मग त्या तलावात माझंच हसू मागून ऐकू आलं, तेव्हा मी गप्प बसले.

असे दिवस जात राहिले. धून काही पुरी होईना. योनास म्हणायचा, ही भोकं ठेवून कोण ऐकणार. मीरा म्हणायची, आल्झो, म्हणजे 'तर मग', मी नंतर कापून टाकते, त्यांना कळणार नाही. विल्फला सगळं कळत होतं. तो थालीपीठ उजव्या दाढेने सावकाश चावायचा आणि जिभेने त्या दाताची खबर घेऊन यायचा.

शेवटच्या दुपारी मीराने यंत्रं मांडलेल्या कपडे बदलण्याच्या खोलीत आम्हाला बोलावलं. ती शांतता कुठून कुठपर्यंत कापायची ते बघत होती. तिचा चेहरा उतरला होता. "ऐका," ती म्हणाली, आणि आवाज वाढवला.

विल्फची ओळ संपली. सूर विझला. आणि त्या शांततेत, स्पष्ट, कुणीतरी श्वास घेतला. वाजवायच्या आधी घेतात तसा, पोटापासून, भरून. मग काही नाही.

मीराने दुसरं रेकॉर्डिंग लावलं. तिथेही तो श्वास, त्याच क्षणाला. तिसऱ्यातही. पियानोवाली मुलगी, जी कधी बोलत नव्हती, ती म्हणाली, "मी नाही." योनासने नुसती मान हलवली. तो दाराजवळ जाऊन उभा राहिला होता.

आणि इतक्या वर्षांनी, दारात तो दाढीवाला मुलगा जाकीट आवळत असताना, माझी जीभ रेटली.

"विल्फ," मी म्हटलं, "कोण आहे तो?"

विल्फने बोटाला लागलेलं तेल रुमालाला पुसलं.

"मी," तो म्हणाला.

त्याने सांगितलं ते अगदी साध्या आवाजात. बँडमध्ये दोन ट्रंपेटं होती. हॅरॉल्ड पहिला, विल्फ दुसरा, हॅरॉल्डच्या डावीकडे. दोघं एकाच गावचे, एकाच आगगाडीने आलेले. हॅरॉल्ड प्रश्न वाजवायचा, विल्फ उत्तर द्यायचा. विल्फ चुकला की हॅरॉल्डची भुवई वर जायची, जमलं की मान हलायची. मग एका दुपारी रेल्वेच्या फलाटावर हॅरॉल्ड बाकावर बसला तो उठला नाही. त्या संध्याकाळी कार्यक्रम होता. तिकिटं विकली गेलेली. कुणीतरी धून वाजवायला हवीच होती.

"उत्तर नसलं तरी धून चालते," विल्फ म्हणाला. "प्रश्न नसला तर चालत नाही. म्हणून मी त्याच्या जागेवर उभा राहिलो. माझी जागा रिकामी राहिली. दर वेळी वाटतं, या वेळी देऊ उत्तर. श्वास घेतो. पण विचारणाराच मी असतो, तर उत्तर कुणाला देऊ? मग हॅरॉल्डसारखी भुवई उचलतो आणि पुढे जातो."

मी मनात ती सगळी वर्षं उलटी चाळत होते. जिना, केलर, नाताळच्या पार्ट्या. ज्याचं वाजवणं मी आयुष्यभर ऐकलं, तो माणूस मी या देशात यायच्या आधीच गेलेला होता. आणि माझ्या शेजारी राहणाऱ्याचा एक सूरही मला ठाऊक नव्हता.

आमच्या गावच्या जत्रेत सवाल-जवाब व्हायचे. सवाल टाकून शाहीर थांबला आणि समोरचा फड गप्प बसला, तर लोक काय काय ओरडायचे ते इथे लिहिता येत नाही. त्यातलं सौम्य मी विल्फला सुनावलं. "त्या बिचाऱ्याला किती ताटकळत ठेवशील? इतकी वर्षं तोच तोच सवाल टाकतोय. सोमवारी दात गेला की मग काय शिट्टी मारून उत्तर देणार आहेस?"

"आजी," मीरा दबकून म्हणाली.

पण ती उठली होती. तिने एक मोठा स्पीकर उचलला, योनासला दुसरीकडून धरायला सांगितला, आणि दोघं तो घेऊन खोल बाजूच्या अंधारात उतरले. विल्फला तिने उथळ बाजूला उभं केलं. या वेळी डावीकडे, त्या आखलेल्या जागेत. आमच्या सगळ्यांकडून तिने वचन घेतलं की कुणी हलायचं नाही. तिला पोटभर हवा घेऊन बोलावं लागत होतं, एवढी ती घाबरली होती.

मग अंधारातून तो सूर आला. मोठा, रुंद, छाती पुढे काढलेला. विल्फ माझ्या डोळ्यांसमोर ट्रंपेट खाली धरून उभा होता, आणि पलीकडून ट्रंपेट वाजत होतं. मला माहीत होतं की तो स्पीकर आहे आणि त्यात विल्फचंच रेकॉर्डिंग. योनासने माझा हात धरला होता, त्यालाही माहीत होतं, त्यानेच तो उचलून नेला होता.

ओळ संपली. विल्फने श्वास घेतला आणि तसाच धरून ठेवला. वेळ निघून गेली. स्पीकरमधली पुढची ओळ आली, तीही गेली. विल्फची बटण लावलेली कॉलर हलत होती. मला वाटलं, झालं, एवढंच होणार.

तिसऱ्या वेळी त्याने उत्तर दिलं.

बारीक सूर होता. आधीच्या सुराशी त्याचं काही नातं नव्हतं. लाजरा, एका बाजूने चालणारा, मध्ये एकदा घसरलेला, दातामुळे की कशामुळे कोण जाणे. ऐंशीच्या माणसाचा वाटतच नव्हता. फलाटावर उतरलेल्या, हातात पेटी घेऊन पुढच्या मित्राच्या मागे धावणाऱ्या पोराचा होता. तो खोल बाजूला गेला आणि तिकडे बराच वेळ राहिला.

दात सोमवारी निघाला. मंगळवारी विल्फ माझ्याकडे मऊ भात जेवायला आला. मीराने जुळवलेली धून आम्हाला ऐकायला लावून दिली आणि ती बासचं ओझं घेऊन कॉलेजला गेली. आम्ही दोघं टेबलाशी बसलो. हॅरॉल्डची ओळ आली, विल्फ खुर्चीत सरळ झाला. स्वतःचं उत्तर आलं तेव्हा तो ताटातल्या भाताकडे बघत राहिला, कान लाल झालेले.

धून संपल्यावर त्याने हळूच विचारलं, "बरा वाजवतो का तो मुलगा?"

मला रडू येत होतं, आणि रडू आलं की मी वाकडं बोलते, हे ह्यांना लग्नानंतर महिन्याभरातच कळलं होतं.

"ठीक आहे," मी म्हटलं. "अजून जरा रियाज हवा."

"हो ना, लव्ह," विल्फ म्हणाला आणि समाधानाने चमचा उचलला. "हॅरॉल्डही आत्ता तेच म्हणाला."